डावी लेन, खालापूर

त्या सर्कलचं नाव मी लिहिणार नाही. त्याला नाव आहे, चांगलं लांबलचक आहे, कोनशिलेवर सोनेरी अक्षरांत कोरलेलं आहे. पण ते उच्चारलं की माझ्या तोंडाची चव जाते. आमच्या भिसेगावच्या घरात त्याला नुसतं 'गरगरं' म्हणतात. कर्जतकडून गेलं की डाव्या हाताला चौकचा रस्ता, उजव्या हाताला खालापूरचा, आणि समोर डोंगर पोखरून उठवलेल्या बंगल्यांकडे जाणारा नवा गुळगुळीत रस्ता. मध्ये हे गरगरं. चार रस्ते एका ठिकाणी येतात, यात अवघड असं काही नव्हतं. ते अवघड करायला शिकलेली माणसं लागली.

पूर्वी तिथे साधी चौफुली होती. एका कोपऱ्यात पंक्चरवाला, दुसऱ्या कोपऱ्यात पावसाळ्याच्या तोंडावर वाडीवरच्या बायका रानभाज्या, आधी शेवळं आणि पुढे करटोली, घेऊन बसायच्या. सिग्नल नाही, पाटी नाही, पोलीस तर नाहीच. तिथला कायदा म्हणजे हात. आमच्या भागात गाडीच्या इंडिकेटरवर कुणी विश्वास ठेवत नाही, कारण तो कालच्या वळणापासून लुकलुकत असतो. मागे बसलेल्या माणसाचा हात मात्र खरा मानतात. स्कूटरवर मागे बसलेल्या बाईने हात लांब करून पंजा खालीवर हलवला की ट्रक, टेंपो, एसटी, सगळे वेग कमी करतात. बोटं झटकली की त्याचा अर्थ 'तू हो पुढे'. मी चौकच्या बाजूच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवत होते, आणि यजमानांना सुट्टी असेल त्या दिवशी ते मला स्कूटरवरून सोडायचे. त्या सगळ्या वर्षांत त्या चौफुलीवर आमच्या गाडीचा इंडिकेटर मीच होते.

यजमानांना ते बिलकूल पसंत नव्हतं. ते रेल्वेत ड्रायव्हर होते. घाट चढायचा म्हणून कर्जतला गाडीच्या मागे जी जादा इंजिनं जोडतात, ती बँकर इंजिनं त्यांनी वर्षानुवर्षं चालवली. मागच्या इंजिनात बसलेल्या माणसाला पुढचं काही दिसत नाही, समोर फक्त शेवटच्या डब्याची पाठ. पुढचा शिट्टी देतो, तिला शिट्टीने उत्तर द्यायचं आणि जोर लावायचा. स्वतः पुढे असताना सिग्नल आला की ड्रायव्हरने तो मोठ्याने पुकारायचा आणि शेजारच्या असिस्टंटने तस्साच परत म्हणायचा. दोघांनी एकच बघितलंय याची खात्री व्हावी म्हणून. ही सवय घरात आली. दूध उतू जायला आलं की ते स्वयंपाकघराच्या दारातून पुकारणार, "दूध, वर!" आणि मी "दूध, वर!" म्हटल्याशिवाय हलणार नाहीत. पातेलं उचलायला दोन पावलं पुढे येणं हे त्यांच्या ड्युटीत बसत नसे.

रस्त्यावरची प्रत्येक पाटी ते अशीच पुकारत. "पुढे शाळा, वेग कमी." मागून मी, "पुढे शाळा, वेग कमी." माझं उत्तर आलं नाही तर ते स्कूटर बाजूला घेऊन मागे वळून बघत, बाई आहे की पडली. 'हॉर्न वाजवा' असं लिहिलेलं दिसलं तर समोर चिटपाखरू नसलं तरी ते हॉर्न वाजवत. लोक हसत. मीही हसत असे, पण उत्तर देत असे. "पाटी म्हणजे आपल्या आधी तिथे जाऊन, सगळं बघून आलेला माणूस असतो," असं ते मला समजावत. इतक्या साध्या मनाने पाटीकडे बघणारा दुसरा माणूस आमच्या तालुक्यात नसेल.

आम्ही दोघं निवृत्त झालो आणि त्याच सुमाराला चौफुलीचं सुशोभीकरण सुरू झालं. या शब्दाचाच मला वीट आला आहे. जिथे जिथे तो शब्द जातो तिथलं बरं असलेलं काहीतरी मरतं. शेवळंवाल्या बायका उठवल्या, पंक्चरवाला उठवला, आणि मध्यभागी एक गोल ओटा बांधून त्यावर फायबरची बैलजोडी उभी केली. मागे खरा डोंगर जेसीबीने खरवडून काढतायत आणि पुढे सिमेंटचा डोंगर करून त्याला हिरवा रंग दिलाय. कारंजं उद्घाटनाच्या दिवशी उडालं, नंतर त्याला कुणी उडताना पाहिलं नाही. आता त्या हौदात शेवाळी पाणी असतं, पाण्यात वेफर्सची पाकिटं आणि डासांची वळवळणारी पिल्लावळ. ओट्याच्या कडेला काळेपांढरे पट्टे मारले होते. त्यातले पांढरे पट्टे गुटख्याच्या पिचकाऱ्यांनी केव्हाच लाल झाले. संध्याकाळी पोरं तिथे मोटरसायकलच्या सीटवर केक कापतात, एकमेकांच्या तोंडाला फासतात, आणि उरलेला केक तिथेच टाकून जातात. दुसऱ्या दिवशी कुत्री तो खातात आणि तिथेच ओकतात. हे आमच्या भागाचं प्रवेशद्वार म्हणे.

यजमान मात्र खूश होते. कारण चारी रस्त्यांना मोठ्या निळ्या पाट्या लागल्या होत्या, आणि रस्त्यावर पांढऱ्या रेघा मारून दोन दोन लेन केल्या होत्या. त्यांना त्यात यार्ड दिसलं असावं. पहिल्याच दिवशी पाटीसमोर स्कूटर हळू करून त्यांनी पुकारलं, "डावी लेन, खालापूर. उजवी लेन, चौक."

मी उत्तर दिलं नाही. स्कूटर बाजूला थांबली.

"अहो, खालापूर उजवीकडे आहे ना? मग डावी लेन कशी?" मी म्हटलं.

"लिहिलंय तसं."

"आणि रस्त्यावर बाण मारलाय तो बघा. डाव्या लेनमधला बाण चौककडे वळलाय."

"ड्रायव्हर खाली बघत नसतो, वर बघतो." हे त्यांनी अशा ठामपणे सांगितलं की जणू मी रुळांवर काय सांडलंय ते विचारत होते. मग जरा मऊ होऊन म्हणाले, "अगं, यार्डातसुद्धा उजवीकडच्या फलाटावर जाणारी गाडी कधीकधी आधी डावीकडून घेतात. आखणी करणाऱ्याला सगळं चित्र दिसतं. आपल्याला पुढच्या डब्याची पाठ दिसते. त्यांनी काहीतरी विचार केलाच असेल."

कुणीही काहीही विचार केला नव्हता. मला ते कळायला दोन फेऱ्यांपेक्षा जास्त लागल्या नाहीत. समोरून, बंगल्यांकडून येणाऱ्या माणसाला खालापूर डावीकडे पडतं आणि चौक उजवीकडे. त्याच्यासाठी केलेली पाटी आमच्या रस्त्याला ठोकली होती आणि आमची त्याच्या रस्त्याला. गाडीतून पाट्या उतरवताना जी हाताला आली ती रोवली आणि माणसं जेवायला गेली. भाजीची पिशवी शेजारच्या दाराला अडकवावी इतक्या सहजपणे त्यांनी ते केलं. त्यातून रस्त्यावरचे बाण बरोबर होते, म्हणजे पाटी एक सांगते आणि जमीन दुसरं. शिवाय कामाच्या वेळचा 'वळण रस्ता' असा एक पत्रा पिंपाला टेकून राहिला होता, तो तिसरंच सांगत होता. त्याचं ऐकलं असतं तर माणूस सरळ गटारात गेला असता.

मी यजमानांना अदलाबदल समजावून सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चुकली असेल तर बदलतील. बदलत नाहीत तोवर तीच पाटी." वर आणखी एक हुकूम सुटला, "आणि तू तो हात आत घे. आता इथे लेन आहेत. हात काढून जायला आपण काय बाजाराला निघालोय?"

घेतला आत. भांडायचं कशाकशावरून?

आमच्या भागातल्या लोकांनी त्या पाट्यांकडे पहिल्या दिवसापासून ढुंकून पाहिलं नाही. कर्जतकडून खालापूरला जाणारे सर्कलला वळसा घालतच नाहीत. उजवीकडून, उलट्या बाजूने, हात दाखवत सरळ घुसतात आणि दोन सेकंदांत खालापूरच्या रस्त्याला लागतात. शाळेची रिक्षा तशीच जाते, दूधवाला तसाच जातो, आणि ज्यांच्या गाडीच्या काचेवर पदाचं नाव चिकटवलेलं असतं ते तर तसेच जातात. समोरून येणाराही हात दाखवतो. दोघं एकमेकांच्या हातावर विश्वास ठेवून जातात. हे बरं आहे असं मी म्हणत नाही, मला त्याचीही किळसच येते. पण ते चालत होतं, आणि त्यात पाटी वाचणाऱ्याला जागा नव्हती.

माझ्या बहिणीच्या नातीचं बारसं होतं, खालापूरला. बाळंतिणीसाठी मी डिंकाचे लाडू केले होते आणि डबा मांडीवर धरून मागे एका बाजूला बसले होते. सकाळची वेळ, स्वच्छ ऊन. पाटी आली. "डावी लेन, खालापूर," त्यांनी पुकारलं. "डावी लेन, खालापूर," मी म्हटलं. आम्ही डाव्या लेनमध्ये राहिलो. शेजारच्या उजव्या लेनमध्ये एक टेंपो होता, परक्या पासिंगचा. तोही शिस्तीत, हळू. दोघं बरोबरच सर्कलवर आलो. चौकच्या रस्त्याचं तोंड आलं तसे आम्ही ते ओलांडून पुढे निघालो, आणि टेंपो उजवीकडून डावीकडे, आमच्या अंगावर येत, चौककडे वळला.

फार जोरात नव्हतं. नुसता धक्का म्हणावा असा. पण स्कूटर डाव्या अंगावर पडली आणि यजमानांचा पाय खाली सापडला. मी बाजूला फेकले गेले, कोपर सोलवटलं. डबा उघडून लाडू रस्त्यावर गडगडले. मी उठेपर्यंत एका मोटरसायकलवाल्याने दोन लाडवांवरून चाक नेलं आणि वळून बघितलंसुद्धा नाही.

माणसं मात्र जमली. आमच्याकडे माणसं फार पटकन जमतात. दोघांनी स्कूटर उचलली, चौघांनी टेंपोवाल्याला खाली ओढलं, बाकीच्यांनी मोबाइल काढले. टेंपोवाला विशीपंचविशीतला, सांगलीकडचा. चेहरा पांढराफटक पडलेला. तो पाटीकडे बोट दाखवून ओरडत होता, "आवो, तितं लिवलंय की! उजवी लेन चौक! म्हून तर मी उजवीकडं हुतो!" कुणी ऐकत नव्हतं. एकाने त्याच्या कानफटात दिलीसुद्धा.

तेवढ्यात खालून यजमानांचा आवाज आला. पाय विचित्र वळलेला, ओठ पांढरे, आणि तसल्या अवस्थेत हा माणूस ड्युटीवरच्या आवाजात सांगत होता, "त्याला मारू नका. तो त्याच्या सिग्नलवर होता. मीही माझ्या सिग्नलवर होतो."

मी खाली बसून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि वर पाहिलं. निळी पाटी उन्हात चकाकत होती. त्या वेळी त्या गरगऱ्यावर डझनभर गाड्या तरी असतील. पाटी वाचणारी माणसं दोनच होती, आणि तीच एकमेकांवर आदळली होती.

"काकू, हितं पाटी कोन बघतंय?" गर्दीतला एक जण मला समजावू लागला. तोंडात गुटख्याचा तोबरा होता, त्यामुळे हनुवटी वर करून बोलत होता. "हात दाकवायचा नि जायचं. तुमी हात दाकवला नाय काय?"

"पाटी कशाला लावलीय मग?" मी ओरडले.

"ती व्हय? ती काय, भायेरच्या लोकांसाठी हाय." एवढं बोलून तो बाजूला गेला आणि त्या पाटीच्याच खांबावर पचकन थुंकला.

मला त्याच्या अंगावर थुंकावंसं वाटलं. माझी चूक नव्हती. हात मी त्यांच्या सांगण्यावरून आत घेतला होता आणि लेन असलेल्या रस्त्यावर हात आतच असायला हवा. तरीसुद्धा पुढचे कित्येक दिवस जो भेटायला येई तो पलंगावरच्या माणसाकडे बघून झालं की माझ्याकडे वळे आणि विचारी, "तुम्ही हात नव्हता दाखवला का हो?" सगळ्या जगाची वाहतूक माझ्या मनगटावर चालली होती असं मला तेव्हा कळलं.

नडगीचं हाड मोडलं होतं. प्लॅस्टर झालं. पोलिसांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि सांगितलं, काका, आपसात मिटवून टाका. "मिटवायचं काय? आमच्यात भांडणच नाही," यजमान म्हणाले. "आमचं दोघांचं म्हणणं एकच आहे. पाटी चुकीची आहे, ते लिहून घ्या." हवालदाराने मान डोलावली आणि टेंपोवाल्याला जायला सांगितलं. पोरगं जाताना यजमानांच्या पाया पडलं. ते पाया पडणं बघून मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी संताप आला.

यानंतर यजमान वाट बघू लागले. रेल्वेत काहीही घडलं, नुसता डबा रुळावरून घसरला तरी चौकशी बसते. सिग्नल कुठला होता, कुणी पुकारला, कुणी उत्तर दिलं, सगळ्यांना बोलावून विचारतात. आणि ज्याचं चुकलं त्याचं चुकलं असं ठरतं, ज्याचं नाही त्याला तसं सांगतात. इथेही तसंच होणार, अशी त्यांची खात्री होती. रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, प्लॅस्टरचा पाय स्टुलावर ठेवून ते पुढच्या खोलीत बसत. काय सांगायचं ते त्यांनी घोकून ठेवलं होतं. "मी पाटी पुकारली. माझ्या बायकोने उत्तर दिलं. वेग कमी होता." मी भाजी निवडत असले की मला असिस्टंट समजून मध्येच विचारत, "तुला विचारलं तर तू काय सांगशील?" मी सांगायची, "डावी लेन, खालापूर, असं उत्तर दिलं." "हां," म्हणून ते समाधानाने रस्त्याकडे बघत बसत.

त्यांना भरपाई नको होती, माफीसुद्धा नको होती. कुणीतरी येऊन एवढंच म्हणायला हवं होतं, की तुम्ही बरोबर वाचलंत, लिहिणाऱ्याचं चुकलं. आयुष्यभर सिग्नल पाळलेला माणूस एवढ्याशा वाक्यासाठी दाराकडे डोळे लावून बसला होता, आणि ते वाक्य बोलायला आपल्याकडे माणूस नेमलेला नसतो, हे मला त्यांना सांगवत नव्हतं.

शेवटी मीच त्या रस्त्याचं काम बघणाऱ्या कचेरीत गेले. साहेब तरुण होता, गोड बोलणारा. खुर्ची दिली, चहा मागवला, मला मॅडम म्हणाला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे रस्ता त्यांचा, सर्कल मात्र सुशोभीकरणातलं, आणि पाट्या ठेकेदाराच्या. ठेकेदाराने काम अजून सोपवलेलं नाही, म्हणून त्यांना पाटीला हात लावता येत नाही.

"मग चूक कुणाची?" मी विचारलं.

"चूक असं नाही म्हणता येणार, मॅडम. आणि तुम्ही आता तिथे गेला नाहीत का? आता ती पाटी दिसतच नाही. त्यामुळे धोका राहिलेला नाही."

मी परतताना मुद्दाम तिथे उतरले. खरंच पाटी दिसत नव्हती. तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एका भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधला होता. भाऊंच्या डोळ्यांवर गॉगल, गळ्यात सोन्याचा दोर, एक हात वर करून भाऊ सगळ्या वाहतुकीला अभिवादन करत होते. खाली शुभेच्छुकांचे चेहरे, शंभरेक तरी, पोस्टाच्या तिकिटाएवढे. वाट दाखवायच्या पाटीवर माणसाने स्वतःचं तोंड लावावं आणि सरकारी साहेबाने त्याला सुरक्षितता म्हणावं, हे बघून झालं आणि मी परतीच्या रिक्षाला हात केला.

घरी येऊन मी यजमानांना फक्त एवढंच सांगितलं, की पाटी झाकलीय. ते लगेच सरळ होऊन बसले. "बरोबर. चौकशी होईपर्यंत सिग्नल झाकूनच ठेवतात. दोन फळ्यांची फुली मारतात त्यावर." त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की भाऊंचा गॉगल माझ्या तोंडातून बाहेर पडला नाही.

भाऊंनंतर दादा आले, दादांनंतर कुणाचा तरी भाचा, मग एका ताईंची निवड झाल्याबद्दल अभिनंदन. प्लॅस्टर निघालं. काठी आली, मग काठीही गेली. स्कूटर दुरुस्त होऊन अंगणात उभी होती. यजमान तिला पुसायचे, पण चावी लावायचे नाहीत. "चौकशी झाल्याशिवाय ड्रायव्हरला गाडी देत नाहीत," म्हणायचे. हसत म्हणायचे, पण चावी लावायचे नाहीत.

मग निवडणूक लागली, आचारसंहिता आली. जे काम कुणाच्या बापाला जमलं नव्हतं ते एका दुपारी झालं: सगळे फ्लेक्स उतरले. मी कामानिमित्त रिक्षाने चौकला चालले होते. गरगरं आलं आणि मी बाहेर डोकावले. ताई गेल्या होत्या. मागून निळी पाटी निघाली होती, पावसाने धुतलेली, कोपऱ्यांत सुतळीचे तुकडे लटकत असलेली. डावी लेन, खालापूर. उजवी लेन, चौक. एक अक्षर इकडचं तिकडे झालं नव्हतं.

हे मात्र मी सांगायचं ठरवलं. खोटं बोलून त्या माणसाला आणखी किती दिवस इस्त्रीचा शर्ट घालून बसवायचं?

"पाटी उघडली," मी म्हटलं.

त्यांचे डोळे चमकले. "बदलली?"

"नाही. तीच आहे."

ते रस्त्याकडे बघू लागले. मग म्हणाले, "चौकशी झाली असती तर बदलली असती." आणि आणखी थोड्या वेळाने, "म्हणजे झालीच नाही." त्यानंतर उठून आत गेले आणि शर्ट काढून खुंटीला अडकवला.

थोड्याच दिवसांनी त्यांनी आपण होऊन स्कूटर काढली. बहिणीची नात आता रांगायला लागली होती, तिला बघायला जाऊ म्हणाले. मला बरं वाटलं. भिसेगावातून बाहेर पडलो, रस्त्याला लागलो. शाळेची पाटी आली. मी कान देऊन बसले होते. ते काही म्हणाले नाहीत. मला वाटलं, हेल्मेटमुळे ऐकू आलं नसेल. 'हॉर्न वाजवा' आलं, हॉर्न वाजला नाही.

गरगरं दिसायला लागलं. बैलजोडीतल्या एका बैलाचं शिंग तुटून आतली लोखंडी सळई बाहेर आली होती. हौदाचा वास लांबूनच आला. निळी पाटी समोर होती, आणि माझं उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. यजमानांनी पाटीकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही. त्यांनी स्कूटर रस्त्याच्या पार उजव्या कडेला घेतली, जिथून सगळे उलटे घुसतात तिथे, आणि म्हणाले, "हात काढ."

मी काढला. समोरून एक डंपर येत होता. मी पंजा खालीवर हलवला आणि तो एवढा मोठा डंपर निमूटपणे थांबला. ड्रायव्हरने बोटं झटकली, जा म्हणाला. आम्ही सर्कलच्या चुकीच्या बाजूने सरळ घुसलो आणि सुखरूप खालापूरच्या रस्त्याला लागलो. कडेला उभा असलेला एक जण ओरडला, "हां काका! आता जमलं!"

त्या शाबासकीने माझ्या अंगावर शिसारीचा काटा आला. पाय मोडला तेव्हाही मला इतकं वाईट वाटलं नव्हतं. हाड जुळलं होतं. माझा हात अजून हवेतच होता, तो मी आत घेतला, आणि गाडीच्या आवाजावर आवाज चढवून मुद्दाम पुकारलं, "डावी लेन, खालापूर!"

पुढून उत्तर आलं नाही. ते गाडी चालवत राहिले.